पियानो ऐकू येतो, खून कळत नाही

प्रति,
घरोघरी चित्रपट पोहोचवणाऱ्या सर्व ओटीटी कंपन्यांचे संचालक,
तसेच त्या चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते व वितरक यांस,

विषय : 'अंधाधुन' आणि त्याच्या जातकुळीच्या चित्रपटांना मराठीतून श्राव्य वर्णन (पडद्यावर काय घडतंय ते संवादांच्या मधल्या फटीत सांगणारा आवाज) मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' ५ ऑक्टोबर २०१८ रोजी चित्रपटगृहांत लागला. गोष्ट पुण्यात घडते, दिग्दर्शक पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आणि पडद्यावर राधिका आपटे, अश्विनी काळसेकर, छाया कदम अशी ओळखीची माणसं. त्यामुळे इथल्या प्रेक्षकांनी तो आपला मानला यात नवल नाही. पुढे ६६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, आयुष्मान खुरानाला अभिनयाचा पुरस्कार विकी कौशलबरोबर विभागून मिळाला, पटकथेचीही दखल घेतली गेली. चित्रपटगृहातून उतरून त्याला आता बरीच वर्षं झाली. आज तो जिवंत आहे तो लोकांच्या दिवाणखान्यांत, म्हणजे तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी कर्वेनगरात राहते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून बसते, अधूनमधून त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. त्या कामातून झालेल्या मैत्रीत सिनेमा आपोआप आला. दृष्टिहीन माणसं सिनेमा बघत नाहीत असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती भरपूर सिनेमे बघतात, त्यांवर भांडतात, संवाद तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यांना अडतं ते एका ठिकाणी, आणि तिथली चावी तुमच्या हातात आहे.

आधी या चित्रपटाबद्दल, कारण तो घरी बसून पाहण्यासाठी कसा आहे हे नीट सांगितल्याशिवाय माझी मागणी समजणार नाही.

हा प्रेमिकांचा गुन्हेपट आहे. एक जोडी सिमी आणि मनोहरची. ती एका उतरत्या काळातल्या नटाची तरुण बायको, तो पोलीस अधिकारी. दुसरी जोडी आकाश आणि सोफीची. तो पियानोवादक, आंधळेपणाचं सोंग घेऊन राहणारा. ती त्याच्या सोंगावर विश्वास ठेवून त्याच्या प्रेमात पडलेली. पहिल्या जोडीचं प्रेम गुन्ह्यापर्यंत टिकतं आणि गुन्हा झाल्यावर जो तो स्वतःची कातडी वाचवायला लागतो. दुसऱ्या जोडीचं प्रेम मुळातच खोट्यावर उभं आहे. राघवन यांनी दोन्हींकडे सारख्याच निर्दयतेने पाहिलंय, आणि विनोद तिथूनच येतो. प्रेमाच्या आणाभाका घेतलेल्या दोन माणसांना अचानक फरशी पुसायची आहे, बॅग भरायची आहे, शेजारणीला तोंड द्यायचं आहे. संसाराची सगळी कामं, फक्त मध्ये एक प्रेत. मूळ कल्पना २०१०च्या एका फ्रेंच लघुपटाची. पण शेजारच्या दारातून डोकावणाऱ्या बाई, आकाशचं सोंग उघडं पाडायला टपलेला शेजारचा मुलगा, रिक्षावाला, लॉटरीची तिकिटं विकणारी सखू, ही सगळी भर इथली, आपल्या गल्लीतली.

घरी पाहताना या चित्रपटाला एक मोठा फायदा होतो. सुरुवातीलाच कोबीच्या शेतातला एक ससा दिसतो. तो तिथे का आहे हे शेवटाकडे जाईपर्यंत कळत नाही. चित्रपटगृहात तुम्ही तो विसरता. घरी लोक पुन्हा मागे जातात, पुन्हा बघतात, "थांब, थांब, हे आधी दाखवलं होतं" म्हणत वाद घालतात. सव्वादोन तासांहून थोडा मोठा असा हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला की वेगळाच दिसतो, आणि दुसऱ्यांदा पाहण्याची जागा घर हीच आहे. दिवाणखान्यातल्या मध्यम टीव्हीवरही त्याचं फारसं बिघडत नाही, कारण तो भव्य दृश्यांवर उभा नाही. चेहरे, हात, दारं, खोल्या एवढ्यावर तो चालतो.

बिघडतं ते तुमच्या बाजूने. जाहिरातींच्या स्वस्त योजनेत ताणाच्या ऐन मध्यावर साबणाची जाहिरात घुसते. शेवट तर अगदी काही सेकंदांचा आहे. एक कृती होते, पडदा काळा होतो, आणि प्रेक्षकाने आता त्या कृतीचा अर्थ लावत बसायचं असतं. नेमकं तेव्हाच श्रेयनामावली कोपऱ्यात आकसते आणि पुढच्या चित्रपटाची उलटी मोजणी सुरू होते. लिहिणाऱ्याने, संकलिका पूजा लढा सुरती यांनी, आयुष्मान खुरानाने जे काही त्या क्षणासाठी राखून ठेवलं, त्यावर तुमचं यंत्र पाणी फिरवतं. ही मोजणी निदान अशा चित्रपटांपुरती तरी बंद ठेवा. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

वयोगटाबद्दल एवढंच. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तुम्ही प्रत्येक चित्रपटाला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असा शिक्का देता आणि १३+ पासून पालकांसाठी कुलूप ठेवता. चांगलं आहे. पण त्या शिक्क्याशेजारी नुसतं 'हिंसा' लिहून काम भागत नाही. या चित्रपटात रक्तापेक्षा थंडपणा जास्त अस्वस्थ करतो. माणूस मारून झाल्यावर लोक ज्या सहजतेने पुढच्या कामाला लागतात, तो थंडपणा. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर बसायचं की नाही हे ठरवायला आईबापांना तेवढं एक वाक्य पुरेल.

आता मुख्य गोष्ट. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा भाग जपून वाचावा, कारण त्यात मधला एक प्रसंग उघड होतो.

प्रमोद सिन्हा या जुन्या नटाने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करायचं म्हणून आकाशला घरी पियानो वाजवायला बोलावलेलं असतं. आकाश दारात येतो तेव्हा प्रमोद मरून पडलेला असतो. शेजारीण बघत असते, म्हणून सिमीला त्याला आत घ्यावंच लागतं. आंधळाच आहे, त्याला काय कळणार? तो पियानोवर बसतो. वाजवता वाजवता त्याला जमिनीवरचं प्रेत दिसतं. बाथरूममध्ये जातो तर तिथे मनोहर पिस्तूल घेऊन उभा. आकाशला चेहऱ्यावरची रेषही हलू न देता परत यायचं आहे आणि वाजवत राहायचं आहे. त्याच्या डोळ्यांदेखत सिमी आणि मनोहर खुणांनी बोलत साफसफाई करतात, प्रेत बॅगेत कोंबतात. तोंडाने एक शब्द नाही. ऐकू येतो तो फक्त पियानो.

गेल्या काही वर्षांत हिंदीत इतकं चोख रचलेलं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. भीती आणि हसू एकाच वेळी येतं, आणि दोन्हीही डोळ्यांवाटेच येतात. हा प्रसंग डोळे मिटून ऐका. एक माणूस छान पियानो वाजवतोय. बस.

माझी एक मैत्रीण बँकेत नोकरी करते. जन्मापासून दृष्टिहीन. आम्ही हा चित्रपट तिच्या घरी एकत्र पाहिला. या प्रसंगापर्यंत तिला माझी फारशी गरज पडली नव्हती. उलट टीव्हीवर प्रमोद सिन्हा स्वतःची जुनी गाणी बघत बसतो तिथे ती माझ्याआधी हसली. कारण ती गाणी प्रमोदचं काम करणाऱ्या अनिल धवनच्या खऱ्या चित्रपटांतली आहेत आणि रेडिओवर वाढलेल्या तिच्या कानांनी ती पहिल्या दोन सुरांत ओळखली. हा नट कोण, तो काय बघतोय, आणि त्याचे दिवस कसे सरलेत, हे सगळं तिने गाण्यावरून ताडलं. मग पियानोचा प्रसंग आला. मी श्वास रोखून बघत होते आणि मला एकदम हसू फुटलं.

"का गं हसलीस? काय झालं?"

मी घाईघाईने सांगायला लागले. अगं, तिथे प्रेत आहे, आणि ते दोघं आता पाय धरून... आणि हा नुसता वाजवतोय, याला सगळं दिसतंय... मी सांगत होते तोवर पुढचं घडून गेलं. ते सांगायला गेले तर त्याच्या पुढचं सुटलं. शेवटी तिने रिमोटने चित्रपट थांबवला आणि म्हणाली, "तू मला ती घाबरली, तो चिडला असं सांगू नकोस. कुणी काय केलं तेवढं सांग. घाबरायचं की हसायचं ते माझं मी बघते."

श्राव्य वर्णन म्हणजे काय, ते चांगलं कसं असतं, याबद्दल मी जे काही वाचलंय त्या सगळ्याचं सार तिच्या या बोलण्यात होतं. वर्णनकाराने कृती सांगायची. अर्थ लावायचा नाही. आणि कृती वेळेवर सांगायची.

वेळेवर, हा शब्द अशा चित्रपटात फार महत्त्वाचा आहे. कौटुंबिक चित्रपटात वर्णन एका सेकंदाने मागेपुढे झालं तर चालून जातं. इथे 'जमिनीवर एक माणूस निपचित पडलाय' हे वाक्य आकाशची नजर तिथे पडण्याआधी आलं तर रहस्य गेलं, आणि नंतर आलं तर विनोद गेला. शेवटच्या त्या काही सेकंदांत तर वर्णनकाराची कसोटीच आहे. पडद्यावर जी हालचाल होते ती आणि तेवढीच सांगायची. त्यापुढे अर्ध वाक्य जरी बोललं तरी बाकीच्या प्रेक्षकांना जे कोडं मिळतं ते दृष्टिहीन प्रेक्षकाकडून हिरावून घेतल्यासारखं होईल. त्यांनाही तो वाद घालता आला पाहिजे. बाथरूमच्या दृश्यात पिस्तूल आहे हे सांगायचं, पण 'आकाश घाबरला' असं नाही; कारण तो घाबरला आहे हे त्याने जगापासून लपवलंय, त्यातच तर दृश्य आहे.

म्हणून माझी विनंती आहे की हे वर्णन मराठीत थेट लिहिलं जावं, इंग्रजी संहिता समोर ठेवून भाषांतर केलेलं नको. इंग्रजीत क्रिया कर्त्यापाठोपाठच सांगून टाकतात. आपल्याकडे ती शेवटी येते: 'मनोहर बॅगेची चेन ओढतो, ती अडकते'. हे 'अडकते' नेमक्या क्षणी पडावं अशी वाक्याची लांबी मोजून लिहावी लागते. ज्याला मराठीचा ठेका कानात आहे त्यालाच ते जमेल. चित्रपट हिंदी असला तरी वर्णन मराठीत का, असं तुम्ही विचाराल. आमच्या आळंदीच्या अंध मुलींच्या शाळेत, कोरेगाव पार्कातल्या मुलांच्या आणि कोथरूडच्या मुलींच्या शाळेत खेड्यापाड्यांतून आलेली मुलं शिकतात. संवाद त्यांना हिंदीत कळतात, सरावाने. पण पियानो चालू असताना, दोन सेकंदांच्या फटीत, कानावर पडलेलं वाक्य विचार न करता आत उतरायला हवं असेल तर ते मायबोलीतलंच हवं.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने विचारलेला प्रश्नही इथे मांडते. दृष्टिहीनांवर विनोद करणारा चित्रपट दृष्टिहीनांनी का बघावा? मी त्यावर बराच विचार केला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल निकाल देताना एक भेद सांगितला आहे: अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा, आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा. 'अंधाधुन' मला दुसऱ्या बाजूला झुकलेला वाटतो. यात हसू येतं ते डोळस माणसांचं. समोरच्याला दिसत नाही असं एकदा ठरवलं की सिमी, मनोहर, शेजारीपाजारी किती उघडे वागू लागतात! त्यांच्या समजुतीत आंधळा माणूस म्हणजे खोलीतलं फर्निचर. हा अनुभव माझ्या मैत्रिणीला रोजचा आहे. बँकेत ग्राहक तिच्यासमोर तिच्याबद्दल तिच्या सहकाऱ्याशी बोलतात. हा चित्रपट तिला माझ्यापेक्षा जास्त कळला असता, जर तो तिला पूर्ण मिळाला असता. सोंगाच्या नैतिकतेवर तिचे आक्षेप होतेच, आणि तेही जोरदार होते. पण आक्षेप घ्यायलासुद्धा आधी चित्रपट पूर्ण हाती लागावा लागतो.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम ४२ मध्ये श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषेतला अनुवाद आणि मथळे (संवाद व आवाज पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी) यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०२१च्या ज्या नियमांनुसार तुम्ही वयोगटाचे शिक्के देता, त्याच नियमांच्या आचारसंहितेत अपंग प्रेक्षकांसाठी सुलभता वाढवण्याचे वाजवी प्रयत्न, शक्य असेल तिथवर, तुम्ही करावेत असंही म्हटलंय. वयाच्या शिक्क्याचा नियम तुम्ही सर्वत्र पाळता. त्याच कागदावरचा हा नियम 'शक्य असेल तिथवर' या तीन शब्दांच्या आड राहतो. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी प्रदर्शनासाठी श्राव्य वर्णन आणि मथळे तयार करायला निर्मात्यांना सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे हे अशक्य नाही हे सिद्ध झालेलं आहे. २०११च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून जास्त आणि श्रवणाचं अपंगत्व असलेल्याही ५० लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद आहे. वयोमानाने ज्यांची नजर आणि कान मंदावलेत अशी आपल्या घरांतली ज्येष्ठ मंडळी स्वतःची नोंद अशा गणनेत क्वचितच करतात. पण रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसतात तीच.

त्यांच्यासाठी मराठी मथळ्यांचीही विनंती करते, आणि ते नुसते संवादांचे नकोत. 'दार वाजतं', 'पियानो थांबतो', 'पलीकडच्या खोलीत काही पडल्याचा आवाज' हे सगळं त्यांत हवं. या चित्रपटात पियानो कधी थांबतो हे कळणं संवादाइतकंच महत्त्वाचं आहे. ज्याला तो थांबलेला ऐकू येत नाही, त्याला सिमीने चमकून का पाहिलं ते कळणार नाही.

आणखी एक अडचण, जी तुमच्या कार्यालयात बसून लक्षात येणार नाही. वर्णनाचा आवाज असलेल्या चित्रपटातही तो चालू करण्यासाठी भाषांच्या यादीत जावं लागतं, बारीक अक्षरांतून तो निवडावा लागतो. दृष्टिहीन माणसासाठी असलेली सोय चालू करायला डोळस माणूस शेजारी लागतो. मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, आहे म्हणून माझी मैत्रीण कसंबसं करते. टीव्हीच्या अनेक ॲपमध्ये मात्र बाण कुठे पोहोचला हे सांगणारं कुणी नसतं. एकदा ही निवड केली की ती त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर कायमची राहू द्या, आणि टीव्हीवरची यादी आवाजात वाचली जाऊ द्या. शोधताना 'श्राव्य वर्णन असलेले चित्रपट' अशी वेगळी रांग पहिल्याच पानावर ठेवा. आज अशी रांग सापडायलाच लेखनिक लागतो.

खर्चाबद्दल माझा अंदाज मी सांगत बसत नाही, कारण हिशेब तुमचे तुम्हाला माहीत. कामाचं स्वरूप मात्र सांगते. एक संहिता लिहिणारा, ती तपासणारा एक दृष्टिहीन माणूस, एक स्वच्छ आवाज, आणि मूळ ध्वनीत तो आवाज बसवणारा एक तंत्रज्ञ. दृष्टिहीन तपासनीस वगळून हे काम करू नका. डोळस माणूस कितीही मन लावून लिहू दे, तो नको तिथे बोलतो आणि हवं तिथे गप्प बसतो. पियानोच्या प्रसंगात पियानो दाबून टाकणारं वर्णन झालं तर मूळ दोषाइतकंच ते वाईट ठरेल. कुठे संगीत वाजू द्यायचं आणि कुठे त्यावर बोलायचं, हे कानांवर जगणारा माणूसच ठरवू शकतो.

ही चारही माणसं तुम्हाला पुण्यात मिळतील. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत इथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आवाजातून दृश्य उभं करण्याची सवय इथल्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना आहे. अभिवाचनाचे कार्यक्रम आजही होतात. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांसाठी दरवर्षी भरत नाट्य मंदिरात येणाऱ्या महाविद्यालयीन मुलांत संहिता लिहू शकणारे आणि वेळेची जाण असणारे कितीतरी जण आहेत. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचं शिक्षण घेणारे विद्यार्थी आहेत. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे प्रती जतन होतात त्याबरोबर वर्णनाचा ध्वनीही जतन व्हावा, म्हणजे उद्या एखादा चित्रपट तुमच्या यादीतून उतरला तरी ते कष्ट वाया जाणार नाहीत. आणि तपासायला दृष्टिहीन प्रेक्षक आहेत, परखड मत देणारे. पुण्यातले आहेत, त्यामुळे परखडपणाची काळजी नको.

सुरुवात 'अंधाधुन'पासून करा, एवढा हट्ट मी धरते. तो या शहराचा चित्रपट आहे, तो प्रत्येक वेळी नव्याने बघावासा वाटतो, आणि आंधळेपणाचं सोंग घेऊन जगाला फसवणाऱ्या माणसाची गोष्ट खऱ्या दृष्टिहीन प्रेक्षकाला अर्धीच कळावी हे मला सहन होत नाही. त्यानंतर तुमच्याकडे असलेले इतर गुन्हेपट घ्या. कौटुंबिक आणि उपदेशपर चित्रपटांनाच वर्णन देऊन थांबू नका. दृष्टिहीन माणसांना फक्त चांगलं, सोज्ज्वळ, प्रेरणादायी काही हवं असतं ही समजूत जुनी आहे. माझ्या मैत्रिणीला खून, फसवणूक, लफडी आणि शेवटपर्यंत न उलगडणारं रहस्य हवं असतं, आणि त्यासाठी ती तुम्हाला दरमहा माझ्याइतकेच पैसे देते.

पहिल्या दहा मिनिटांचं वर्णन तयार झालं की आम्हाला पाठवा. आम्ही दहा-बारा जण, त्यांत माझ्या मैत्रिणीसारखे निम्म्याहून जास्त दृष्टिहीन, एकत्र बसून ऐकू आणि कुठे उशीर झाला, कुठे जास्त बोललं गेलं, कुठे पियानो झाकला गेला, हे वाक्यावाक्याला वेळेसकट लिहून परत पाठवू. त्याचं मानधन मागणार नाही. पियानोचा प्रसंग मात्र सगळ्यात शेवटी लिहा, हात बसल्यावर.

कळावे,
आपली,
कर्वेनगर, पुणे येथील एक लेखनिक व प्रेक्षक